फुफूचा आवाज कोणी नेला

आमच्याकडे गाणं सुरू होण्याआधी झडती व्हायची. लग्नघर कोणाचंही असो, हळदीला बायका आतल्या खोलीत जमल्या की माझी फुफू, म्हणजे बाबांची धाकटी बहीण मेहरून, आधी पदर खोचून खोलीभर फिरायची. पलंगाखाली वाकून बघायची, कपाटावरून हात फिरवायची, खिडकीच्या गजांना कोणाचा पोरगा चिकटलाय का ते पाहायची, आणि खोलीत रेडिओ असेल तर उचलून अंगणात नेऊन ठेवायची. रेडिओ नुसता बोलत नाही, ऐकतोही, अशी तिची पक्की समजूत होती. पुरुषांना तर केव्हाच बाहेर काढलेलं असे. नवरदेवाचा बाप असो की मशिदीचे बुजुर्ग, सगळे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसायचे आणि आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करायचे. मग दार लागायचं, परात उपडी पडायची, तिच्यावर दोन चमचे पडायचे आणि फुफूचा आवाज चढायचा. त्या गाण्यांत व्याह्यांची, सासवांची, नणंदांची अशी काही उडवलेली असे की त्यातली एक ओळ जरी भिंतीपलीकडे गेली असती तर दोन सोयरिकी मोडल्या असत्या. म्हणून हा बंदोबस्त. बायकांचं गाणं बायकांत, हा आमच्या मोहल्ल्याचा कायदा होता, आणि त्याची फौजदार फुफू.

आमचं घर खालापूरला, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. फुफूचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. सकाळी तिच्या हाताखाली तांदळाच्या भाकरीची थप थप सुरू झाली की आम्ही उठायचो. लांबून एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांची एकसारखी घरघर यायची, तिची इतकी सवय झालेली की घाटात गाडी बंद पडून वाहतूक अडकली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. वालाचं बिरडं, भाजलेली सुकट, शुक्रवारी खिचडी, असा आमचा साधा कारभार. आणि तोंडी लावायला संशय. तो आमच्या घरात वडिलोपार्जित होता. मा, म्हणजे माझी आई, दुधवाल्याच्या मापावर संशय घ्यायची, फुफू शेजारणीच्या हसण्यावर, आणि दोघी मिळून बाबांवर. बाबांचा मालाचा टेंपो होता, चौक गाव ते कर्जत फेऱ्या मारायचा. त्याच्या पुढच्या केबिनमध्ये एक टेप बसवलेला होता आणि बाबा तो काचा वर करून ऐकायचे. शेजारी कोणी बसलं की बंद. "तुजा बाप भर उन्हात काचा लावून काय ऐकतो गं?" असं मा मला कितीदा तरी विचारायची. मला काय माहीत? मी म्हणायची, बातम्या ऐकत असतील. मा म्हणायची, बातम्या ऐकून कोणी गालात हसत नाय.

माझा धाकटा भाऊ ताहिर चौकला नितीनच्या दुकानात कामाला होता. नितीन मूळचा कळंबचा, शेतकऱ्याचा मुलगा. जुन्या हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेत त्याचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीची कामं कमी व्हायला लागली तसे त्याने लग्नाच्या वरातींसाठी स्पीकर घेतले, आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर टाकून नाचायची गाणी बनवायला सुरुवात केली. ताहिरला हे वेड लागलं ते कायमचं. त्याने एक जुना कॉम्प्युटर घरीही आणून मधल्या खोलीत मांडला. मी तेव्हा कचेरीजवळच्या टायपिंगच्या दुकानात अर्ज टाइप करायची, त्यामुळे माझी बोटं यंत्राला घाबरत नव्हती. संध्याकाळी मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायची आणि तो शिकवायचा. लूप म्हणजे वाजवलेल्या किंवा गायलेल्या गोष्टीचा एक छोटा तुकडा, जो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ढोलकीचा एक, बेंजोचा एक, टाळ्यांचा एक. अडचण अशी की प्रत्येक तुकडा आपापल्या वेगाने जन्मलेला असतो आणि गाण्याचा वेग एकच असतो. मग मंद तुकडा आवळायचा, घाईचा तुकडा ताणायचा. जुन्या काळी टेप जोरात फिरवला की आवाज चिमणीसारखा बारीक व्हायचा. कॉम्प्युटर तसं करत नाही. तो आवाजाचे बारीक बारीक कण करतो, काही गाळतो किंवा काही दोनदा वाजवतो, आणि आवाजाची पट्टी तीच ठेवून लांबी बदलतो. "आपा, पण हावरटपणा करायचा नाय," ताहिर सांगायचा. भाकरी थापताना जास्त पसरली की कडेला फुटते, तसा जास्त ओढलेला आवाज फुटतो, एका टाळीच्या दोन ऐकू येतात. तो आणि नितीन गाण्याच्या वेगाला टेंपो म्हणायचे आणि सारखे "टेंपो जुळत नाय, टेंपो जुळव" म्हणत राहायचे. बाबा जाता जाता म्हणायचे, आमच्या घरात टेंपो एकच हाय, तो डिझेलवर चालतो.

माझं लग्न ठरलं होतं, कर्जतचं स्थळ. त्या गडबडीत एका दुपारी मी, मा आणि फुफू खालापूरच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेलो. रस्त्यावरून कोणाची तरी वरात चालली होती. पुढे स्पीकरांची भिंत लादलेली गाडी, मागे घामाघूम झालेले नाचणारे. ढोलकी कडाडत होती आणि तिच्यावर एका बाईचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता: "मीठ घेऊन, मीठ घेऊन आली गं सून." मध्येच कोणीतरी खिक् करून हसल्यासारखं, आणि लगेच परत तेच. ही आमची ओळ. सासूच्या घरात मीठसुद्धा नाही, तेही सून माहेराहून घेऊन आली, अशी चिडवणूक. बांगड्यावालीने फुफूचा हात हातात धरलेला होता. तो हात तसाच हवेत राहिला. फुफू माझ्याकडे वळली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती एवढंच म्हणाली, "ह्यो माजा आवाज हाय." मला ते सांगायची गरज नव्हती. बाजारातल्या आमच्या प्रत्येक बाईला ते कळलेलं होतं, कारण बांगड्यांच्या दुकानात एकदम कोणी कोणाशी बोलेना.

संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात पंचायत बसली, म्हणजे बायकांची, आमच्या ओट्यावर. गेल्याच महिन्यात शेजारच्या घरी हळद झाली होती, तिथे फुफूने हीच ओळ म्हटली होती, आणि तिथे मांडवातले दिवे जोडायला ताहिर आला होता. ताहिर चौकच्या दुकानात कामाला. गाणं चौकच्या दुकानातून आलेलं. मग शंका ती काय राहिली? त्यातूनही खिक् करून हसलं कोण यावरून दोन बायकांचं जुंपलं, कारण जी हसली ती सामील असणार असा सगळ्यांचा होरा होता. शेवटी ठरलं असं की ज्या घरातून गाणं बाहेर जातं त्या घराच्या बाईला गायला बोलवायचं नाही. निदान ज्याने हे केलं तो कबूल होईपर्यंत तरी. बायका गेल्यावर फुफूने आत जाऊन ताहिरच्या कॉम्प्युटरवर दोन चादरी टाकल्या आणि वर उशी ठेवली.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही मला हसू येतं आणि रडूही. फुफू घरात बोलेनाशी झाली. मीठ हवं असलं तर चिमूट दाखवायची, पाणी हवं असलं तर अंगठा. खोकला आला की उठून अंगणात जायची. शिंकसुद्धा तिने कॉम्प्युटरच्या खोलीत दिली नाही, न जाणो ती पेटी ऐकत असेल. नमाज ओठ मिटून. भाकरीसुद्धा ती हलक्या हाताने थापायला लागली, तिची थप ऐकून उठायची आमची सवय मोडली. ताहिरला ती वाढायची, पण ताट सरकवून लगेच पाठ फिरवायची. त्याला लहानपणी तिनेच वाढवलेलं. त्याने कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवली, तर तिने खुणेने सांगितलं, राहू दे, तेवढं पाप आणखी नको. मा मधल्या मध्ये पीठ चाळत रडायची. आणि माझ्या हळदीला आपण गाणार नाही, लग्न पार पडलं की आपण आपल्या सासरच्या गावी निघून जाऊ, असं फुफूने मा मार्फत सगळ्यांना कळवलं.

बाबांचं वागणं मला तेव्हाच चमत्कारिक वाटायला हवं होतं. एरवी चहात साखर कमी पडली तरी आवाज चढवणारा माणूस या प्रकरणात अगदी मऊ झाला. ते ताहिरला बाजूला घेऊन म्हणायचे, "कबूल करून टाक रं. एक दिवस ओरडतील, दुसऱ्या दिवशी विसरतील. घर तरी सुटंल." ताहिर म्हणायचा, केलंच नाही तर कबूल काय करू? बाबा म्हणायचे, "केलं नाय केलं काय, कोणीतरी कबूल व्हायला पायजे ना." मला वाटलं, बापाचं काळीज, मुलाला वाचवायला बघतायत. ताहिर तर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, आपा, शुक्रवारी मी सांगून टाकतो की मीच केलं, मग कॉम्प्युटर विकतो आणि पनवेलला कुठेतरी काम बघतो. तुझ्या हळदीत गाणं झालं पाहिजे.

आता खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावर संशय होताच. मी याच घरची. पण तो कबूल व्हायला निघाला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. खरा चोर आढेवेढे घेतो, तारीख ठरवत नाही. दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारली आणि सहा आसनी रिक्षाने चौकला गेले. नितीन मला बघून उभाच राहिला. त्याने शपथा घातल्या. महिन्या-दोन महिन्यांमागे कोणीतरी गाडीचा टेप दुरुस्तीला ठेवून गेलं, आत कॅसेट अडकलेली. टेप ठेवताना आणि नेताना दुकानात त्याचा भाऊ होता, म्हणून गाडी कोणाची ते माहीत नाही. कॅसेट कापूनच काढावी लागली, पण टाकण्याआधी त्याने जे वाजलं ते कॉम्प्युटरमध्ये घेतलं, त्यात ही ओळ मिळाली. "ताहिर तवा सुट्टीवर हुता ताई. त्याला दाखवलं असतं तर त्यानं मला धरला असता, ते आता कळतंय," तो म्हणाला. मला त्याचं निम्मं पटलं. गाड्यांच्या टेपात आमच्या मांडवातली गाणी कशी येतील? मी त्याच्याकडून ढोलकी वगळून नुसता आवाजाचा तुकडा सीडीवर मागून घेतला. निघताना तो म्हणाला, मूळ आवाज फार संथ होता, मी खूप आवळलाय तो. मूळ मात्र ठेवलेला नाय, जागा भरली म्हणून पुसून टाकला.

संथ? हा शब्द माझ्या डोक्यात परतीच्या रस्त्याला घोळत राहिला. मांडवात फुफू कधी संथ गात नसे, परातीवरचे चमचे तिला पळवत असत. घरी कोणी नाही असं बघून मी चादरी उचलल्या, उशी बाजूला ठेवली आणि तो तुकडा ताणायला सुरुवात केली. थोडा, आणखी थोडा. सगळ्यात आधी मला एक गोष्ट खटकली. फुफूला तेव्हा चार-पाच वर्षांपासून दमा होता, ओळीच्या मध्यावर तिला श्वास घ्यावाच लागे. वरातीत गाणं धावत होतं म्हणून ती ओळ एका दमात गेली असं आपल्याला वाटलं. पण आता मी तो आवाज इतका सैल केला होता तरी मध्ये श्वास नव्हता. ओळ लांबत होती, आणि गाणारी अजिबात दमत नव्हती. आवाज फुफूचाच, पण दम्याच्या आधीचा. मी आणखी ताणलं. आणि त्या खिक् हसण्याच्या जागी काहीतरी उलगडायला लागलं. ते हसू नव्हतंच. आधी एक लांब कर्रर्र, मग थांबून एक क्ळक, आणि त्यावर एक इवलीशी उचकी.

तो कर्रर्र मला ओळखीचा होता. कुठला, ते मात्र लगेच आठवेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही, मी स्टुलावर बसले होते आणि त्या आवाजाचा मालक माझ्या डोक्यावर माळ्यावर पडला होता. ताहिर झाला तेव्हा माच्या माहेराहून लाकडी पाळणा आला होता, साखळ्यांचा, घुंगरांचा. मी मुलगी, मला जुन्या साडीची झोळी पुरली होती. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. जाताना तो पाळणा कर्रर्र करायचा, परत येताना त्याची एक कडी क्ळक वाजायची, आणि मला त्याचा इतका राग यायचा की एकदा मी त्यात जाऊन झोपले तर फुफूने मला हसत हसत उचलून बाहेर काढलं होतं.

पण आठवणीवर आमच्या घरात कोण विश्वास ठेवणार? म्हणून शुक्रवारी सकाळी मी माळ्यावर चढले, पाळणा खाली काढला, पुसला आणि मधल्या खोलीतल्या जुन्या हुकाला टांगला. मा अंगणातून आली आणि दारातच मटकन बसली. लग्न आठ-दहा दिवसांवर आलेली मुलगी घरात पाळणा बांधतेय! तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय संशय गेले ते मी इथे लिहीत नाही. तिने उठून आधी खिडकी लावली. "कोणी बघितलं का गं?" एवढंच तिने विचारलं. बघितलं होतं. समोरच्या घरातल्या बाईने बघितलं होतं, आणि पुढे कितीतरी महिने कर्जतला माझ्या सासूच्या कानावर ते जात राहिलं. आज त्याची गंमत वाटते. तेव्हा सासूबाई माझ्याकडे न बघता माझ्या पोटाकडे बघायच्या.

जुम्म्याची नमाज झाली, बाबा आणि ताहिर जेवायला बसले. खिचडीची वाफ निघत होती. ताहिर घास न घेता बसला होता, तो आता तोंड उघडणार हे मला कळत होतं. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि म्हटलं, आधी माझं ऐका. फुफू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, तिने खुणेने मला मशीन बंद करायला सांगितलं. मी ऐकलं नाही. मी पाळण्याला झोका दिला. कर्रर्र, क्ळक. पाळण्याचा वेग कोणाला ठरवता येत नाही, साखळीच्या लांबीने तो ठरतो, वीस वर्षांपूर्वी जो होता तोच. त्या झोक्याला धरून मी तो तुकडा जुळवत नेला, ताहिरने शिकवलं होतं तसा, फुटायच्या अलीकडे थांबून. आणि एका क्षणी मशीनमधला कर्रर्र आणि हुकावरचा कर्रर्र एक झाले. फुफूचा तरुण आवाज त्या झोक्यावर आला: मीठ घेऊन, मीठ घेऊन आली गं सून. नंतर उचकी. परत झोका, परत ओळ.

फुफू उंबऱ्यावरून पुढे आली. कितीतरी दिवसांनी ती घरात बोलली. "हे मांडवातलं नाय," ती म्हणाली. "ही मी पोराला निजवाया म्हणायची. मला अंगाई येत नव्हती, जे येत होतं ते हळू करून म्हणायची. ही उचकी तर..." आणि तिने ताहिरकडे पाहिलं. ताहिरला जन्मापासून उचकीचा त्रास, अजूनही पाणी प्यायला की लागते. ज्याने तिचा आवाज चोरला म्हणून ती त्याला पाठ दाखवत होती तो त्या वेळी पाळण्यात पडून उचक्या देत होता. फुफूने त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती रडायला लागली.

पण फुफू रडता रडताही फुफूच होती. तिने डोळे पुसले आणि हिशेब लावला. "तवा घरात टेप एकच व्हता," ती म्हणाली. तो बाबांच्या मित्राने कुवेतहून आणलेला होता, वरच्या फळीवर असायचा आणि त्याला बाबांशिवाय कोणी हात लावत नसे. आणि चौकला दुरुस्तीला गेलेला गाडीचा टेप कोणाचा, हे मला तेव्हा, त्या खिचडीसमोर उभी असताना कळलं. भर उन्हात काचा वर, आणि गालात हसू. आम्ही चौघांनीही एकदम बाबांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते.

"मी कदी ऐकलंच नव्हतं," बाबा म्हणाले. "तुमी गायला बसलात की आमाला रस्त्यावर काढायचात. सगळ्या मोहल्ल्याच्या बायका सांगायच्या, मेहरूनसारखा गळा नाय. सख्खा भाऊ मी, मला काय ऐकू यायचं? परातीचा ठोका. म्हणून तू दार लावून पोराला निजवत व्हतीस तवा दाराच्या फटीला टेप ठेवला एक दिवस." मग त्यांनी ताट जरा बाजूला सारलं. "बाजारात मी बी ऐकलं. मला वाटलं, आता मी सांगितलं तर तू माज्या घरात राहायची नाय."

फुफू काही बोलण्याआधी ताहिर बोलला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "म्हणून मला कबूल व्हायला सांगत व्हतात?" या प्रश्नाला बाबांनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं आहे की बाबा भित्रे होते, वाईट नव्हते, बहिणीला गमावण्याच्या भीतीने माणूस काहीही करतो. तरी मला त्यांचा राग आला होता आणि तो पुरता गेलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चोरच संन्याशाला समजावत होता की बाबा रे, चढ फासावर, लवकर आटोपेल. ताहिर ताट तसंच टाकून उठला आणि बाहेर गेला. खिचडी सगळ्यांची गार झाली.

फुफू पाळण्यापाशी जाऊन त्याची दांडी धरून उभी राहिली. मग बाबांना म्हणाली, "भाई, मला सांगितलं असतंस तर समोर बसवून म्हटलं असतं." एवढं बोलून ती अंगणात गेली, आणि मला ऐकू आलं, ती मोकळेपणाने खोकत होती.

मोहल्ल्याला काय सांगायचं हा पुढचा पेच. फुफूने तो झटक्यात सोडवला. तिने ओट्यावर बायका जमवल्या आणि सांगितलं की आवाज माझाच आहे, टेप आमच्याच घरातला आहे, पोराचा त्यात काडीचा संबंध नाही, आणि ज्याचा आहे त्याचं मी बघून घेईन. कोणाचा ते तिने सांगितलं नाही. बायकांनी अर्थातच माझ्या मावर संशय घेतला, आणि मा पुढे वर्षभर तो संशय मोठ्या मानाने मिरवत होती. नितीनने ते गाणं पुसून टाकलं, पण तोवर ते इतक्या गाड्यांत पोचलं होतं की अजून कधीतरी कर्जतच्या नाक्यावर एखाद्या रिक्षेतून मीठ घेऊन सून येते. ताहिर पनवेलला गेलाच. आज कळंबच्या रिसॉर्टवर लग्नं होतात तिथे त्याचे स्पीकर लागतात, माणसं त्याला सर म्हणतात. बाबा होते तोवर तो ईदला यायचा, सलाम करायचा, बाबांच्या ताटाला ताट लावून जेवायचा. त्या शुक्रवारबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. घरातला संशय संपला नव्हता, त्याचा पत्ता बदलला होता एवढंच.

माझ्या हळदीच्या दिवशी ताहिर सकाळीच आला आणि मांडवाचे दिवे जोडून जेवणाच्या वेळेला गेला. दुपारी पुरुष नेहमीप्रमाणे रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले, बाबा त्यांच्यात. बायका अंगणात हातपाय धूत होत्या. मी पिवळी होऊन आतल्या खोलीत बसले होते, आणि फुफू झडती घ्यायला आली. पलंगाखाली वाकली. कपाटावरून हात फिरवला. मग कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या चळतीपाशी गेली, मधल्या गोधडीत हात घातला आणि थांबली. तिने हात बाहेर काढला तेव्हा त्यात एक छोटा टेप होता, रेकॉर्डचं बटण दाबलेला, आतली चाकं फिरत असलेला. मला वाटलं, आता हा टेप अंगणात आपटणार आणि ती चालती होणार. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगितलं, मी नाही. तो बाबांनी ठेवला की ताहिरने, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. दोघांपैकी कोणाचंही नाव निघालं असतं तर मला रडू आलं असतं.

फुफूने जाऊन दाराला आतून कडी घातली. टेप गोधड्यांच्या वर नीट ठेवला, तोंड खोलीकडे करून. "गोधडीत आवाज दबतो, एवढं बी कळत नाय," ती पुटपुटली. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली, माझा हळदीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि गायला लागली. परात नाही, चमचे नाहीत. मीठ घेऊन आली गं सून, पाळण्याच्या वेगाने, मध्येच श्वास घेत, दम्याला न लपवता. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि मग बाहेरचं बोलणं थांबलं. गाणं संपल्यावर तिने टेपकडे झुकून, समोर माणूस बसल्यासारखं सांगितलं, "झालं. आता जशी म्हटली तशीच ऐक. वेग वाढवायचा नाय."

तिने बटण दाबून टेप बंद केला, पदराखाली घेतला, आणि दाराची कडी काढून बायकांना हाक मारली.